पाऊण नंबराची लबाडी

हमीदभाई, तुमच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, मला कळतं. पण तुमचा चाळिसावा दिवस परवाच झाला, तुमच्या लेकीने, नाझियाने, पाठवलेला गोड भात मी वाटी चाटूनपुसून खाल्ला, आणि खाता खाता एकच विचार डोक्यात होता : या माणसाने मला एकूण किती वेळा फसवलं असेल?

रस्त्याच्या या बाजूला माझं फुलांचं दुकान, त्या बाजूला तुमचं चष्म्यांचं. मध्ये वीस पावलं. अमरावतीच्या त्या अरुंद बाजारात आपण चाळीस वर्षं एकमेकांच्या तोंडासमोर बसलो. डॉक्टरांनी बंद केलेलं पान तुम्ही दिवसातून किती वेळा खाता ते मला माहीत होतं, आणि कालच्या शेवंतीवर पाणी मारून मी ती आजची म्हणून कशी विकते ते तुम्हाला. दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही. पण तुमच्या धंद्याबद्दल माझं मन साफ नव्हतं. लोकांचे डोळे बिघडले तरच ज्याची चूल पेटते, तो माणूस डोळे सुधारावेत म्हणून कशाला झटेल? असा माझा हिशेब होता. माझी फुलं तर लग्नालाही लागतात आणि मयतालाही, तेव्हा माझ्याबद्दल लोक काय म्हणत असतील, हा विचार मात्र मला कधी शिवला नाही.

प्रवीण तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. मास्तरांनी चिठ्ठी पाठवली की मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीतलं घेतो. मला वाटलं, पोरगं आळशी आहे. दोन धपाटे दिले. मग डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहिलं, दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन. जवळचं स्वच्छ, लांबचं धुकट. तो कागद घेऊन मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे आले. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू तुम्हाला! बत्तीस वर्षांची, डोक्यात ताजा मोगरा, आणि साऱ्या जगाला मूर्ख समजणारी. ती बाई आज माझ्या दुकानावर आली तर तिला मी अर्धी वीतही गजरा उधार देणार नाही.

"हमीदभाई, याच्यातला पाऊण कमी करा. एक नंबर टाका."

"कावून ताई?"

"पूर्ण दिला की डोळा आळशी होते. थोडं कमी दिसू द्या. डोळा मेहनत करीन, मंग नंबर आपोआप उतरीन."

"डोळा काय बैल आहे का ताई, काठी दाखवली की वखर जोरात ओढीन?"

"तुमाले धंदा पाहायचा आहे, मले माहं पोरगं पाहायचं आहे."

तुम्ही प्रवीणकडे पाहिलं. तो तुमच्या आरशाला नाक लावून स्वतःचं तोंड बघत होता. मग तुम्ही म्हणालात, "ठीक आहे ताई. तुमी म्हनसान तसं."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. चहात आलं टाकावं की नाही यावर अर्धा तास भांडणारा माणूस लेकराच्या नंबरावर दोन मिनिटांत कसा ऐकला? पण तेव्हा मला वाटलं, मी जिंकले. जिंकलेल्या बाईला काही दिसत नाही, मग तिच्या डोळ्यांचा नंबर काहीही असो.

संशय आला, पण आठवडाभराने. प्रवीण रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागला. मी म्हटलं, कमी नंबरात एवढं कसं दिसतं याला? त्याचा चष्मा काढून घेतला, पिशवीत घातला, आणि "देवीला जाऊन येते" असं घरी सांगून ऑटोने बडनेऱ्याला गेले. तिथे स्टेशनाकडच्या एका चष्मेवाल्यासमोर तो ठेवला. म्हटलं, याचा नंबर मोजून द्या, आणि खरं सांगा. त्या भल्या माणसाने तो यंत्राखाली धरला, एक डोळा मिटला, दोन्ही काचा पाहिल्या आणि म्हणाला, "एक नंबर आहे बाई. एकदम बराबर."

मी खूश होऊन परत आले. तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे होता. "देवीचं दर्शन झालं का ताई?" म्हणालात. मी देवीला गेले हे तुम्हाला कोणी सांगितलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे दरवर्षी तेच. डॉक्टरांचा कागद आला की मी म्हणायची, "पाऊण कमी," आणि तुम्ही म्हणायचे, "हो ताई." नंबर वाढायचा तेवढा वाढला, पण अठरा-एकोणीसच्या वयात साडेतीनवर येऊन थांबला. घाबरण्यासारखं काही झालं नाही. सकाळी गाजर, दवातल्या गवतावर अनवाणी पाय आणि कमी नंबराचा चष्मा, या तिन्हींचं श्रेय मी स्वतःकडे घेतलं. गाजराने प्रवीण असा कंटाळला की आज चाळिशी ओलांडली तरी हलवा समोर आला की उठून जातो.

श्रेय घेऊन मी गप्प बसले असते तर बरं होतं. पण गजरा घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हा सल्ला फुकट बांधून दिला. आणि अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, तर हुकूमच सोडला. तिच्या सागरला चष्मा लागला तेव्हा मी फोनवर म्हटलं, "बेबे, माह्यं ऐक. पाऊण कमी करून घे. माह्या प्रवीणकडं पाय." बेबीने ऐकलं. ती माझं सगळं ऐकायची.

आता माझ्या नातीचं, स्वराचं, सांगते. तुम्हाला माहीत आहेच, तरी सांगते, कारण आपलं भांडण तिथेच अर्धं राहिलं.

प्रवीण आणि सूनबाई दोघंही सकाळी नोकरीवर जातात. आठ वर्षांची स्वरा शाळा सुटली की माझ्या ताब्यात. मी तिला दुकानाच्या मागच्या बाजूला ट्यूबलाइटखाली बसवायची. अभ्यास झाला की हातात मोबाईल द्यायची, म्हणजे ती रस्त्यावर धावत नाही आणि मला गजरे ओवता येतात. तुम्ही पलीकडून ओरडायचे, "ताई, पोरीले उजेडात धाडा ना! अंधारात कायले कोंबली?" मी मनात म्हणायची, याला काय करायचं आहे? पोरगी उन्हात काळी झाली तर हा येणार आहे का सोयरीक जमवायला?

मागच्या वर्षी तिचा नंबर दीड होता. या वर्षी कागदावर आला, एका डोळ्याला तीन, दुसऱ्याला पावणेतीन. डॉक्टरांनी सूनबाईला बरंच काही सांगितलं होतं. रोज झोपताना एक थेंब घालायचा, दिवसाचे दोन तास उघड्यावर काढायचे, पुस्तक हातभर लांब धरायचं. थेंबांचं नाव ऐकताच मी ठरवलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. लेकरू चांगलं हसतं-खेळतं, त्याच्या डोळ्यात वर्षानुवर्षं औषध? मी सूनबाईला म्हटलं, तू हो यातून बाजूला, माझ्याकडे उपाय आहे. ती बिचारी प्रवीणच्या तोंडाकडे बघायला लागली, कारण उपाय चालल्याचा पुरावा म्हणजे प्रवीण.

मी रस्ता ओलांडला. "हमीदभाई, नेहमीसारखं. पाऊण कमी."

तुम्ही चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. "नाई."

"काय नाई?"

"या पोरीचा नंबर धावून राहिला ताई. आता खेळ नाई."

"खेळ? म्हंजे आतापर्यंत खेळ करून राहिले होते तुमी माह्यासंग?"

तुमचा चेहरा असा झाला की काचेचं कपाट फुटलं असतं तरी तसा झाला नसता. "बसा ताई, चाय मागवतो," म्हणालात. मी बसले नाही. तुम्ही मागून ओरडलात, "जुम्म्याची नमाज झाली की मी येतो तुमच्याकडं. बसून बोलू." मी मागे न बघता म्हटलं, "या, नाईतर नका येऊ."

तुम्ही आलात. शुक्रवारी दोनच्या सुमारास पांढरी टोपी घालून रस्ता ओलांडताना मी तुम्हाला पाहिलं. आणि हमीदभाई, बहात्तर वर्षांची ही बाई निशिगंधाच्या बादल्यांमागे जाऊन उकिडवी बसली. गुडघे माझे दोन वर्षांपासून वाकत नाहीत. त्या दिवशी कसे वाकले देव जाणे. तुम्ही दुकानासमोर थांबलात. पाच मिनिटं तरी थांबलात. मला तुमच्या चपला दिसत होत्या. मग तुम्ही रिकाम्या दुकानाला म्हणालात, "ताई, निशिगंध सुकून राहिला. पानी मारा." आणि गेलात.

म्हणजे मी कुठे लपले ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही वाकून पाहिलं नाही. या एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे, आणि याच गोष्टीसाठी माझा तुमच्यावर राग आहे. वाकायला हवं होतं. हाताला धरून उठवायला हवं होतं. मंगळवारी सकाळी तुमचं शटर उघडलं नाही. अकरा वाजता कोणीतरी माझ्याकडे जनाज्यावरच्या चादरीसाठी फुलं मागायला आलं आणि मी विचारलं, "कोनासाठी?"

ती चादर मी स्वतः ओवली. ताजी फुलं घातली. कालचं एकही नाही.

तुम्हाला वाटलं असेल, गेल्यावर तरी ही बाई ऐकेल. मी ऐकणारी नव्हतेच. पुरशाला तुमच्या घरी आले, सांत्वनाचं चार शब्द बोलले, रडले, घरी गेले, आणि आठ दिवसांनी ट्रंकेतून प्रवीणचे लहानपणचे चार चष्मे काढले. प्रत्येकाच्या डबीत डॉक्टरांचा कागद घडी करून ठेवलेला. आता दुकानात नाझिया बसते; डोळे तपासण्याचं शिकून आलेली पोरगी, तुमच्यापेक्षा कडक. तिच्यापुढे चारही ठेवून म्हटलं, "हे पाय. तुह्या बाबानं दरवेळेस पाऊण कमी करून दिला. अन् माह्यं पोरगं साडेतीनवर थांबलं. स्वराचा पन तसाच कर."

तिने पहिला चष्मा यंत्रात ठेवला. कागद पाहिला. परत यंत्रात पाहिलं. "मावशी, हा तर पावणेदोनचा आहे."

"एकचा आहे."

"पावणेदोनचा आहे. कागदावर आहे तोच."

दुसरा काढला. कागदावर होता तोच. तिसरा, तोच. चौथा, तोच. दुकानात तुमचा फोटो नाही. लावलाही नसता तुम्ही. पण मला वाटलं, कुठूनतरी पान चघळत तुम्ही बघताय.

मी म्हटलं, "बडनेऱ्याच्या मानसानं मोजून सांगतलं होतं, एक आहे म्हनून."

"बडनेऱ्याचा कोण? स्टेशनाकडचा?" नाझियाचं तोंड हसावं की रडावं असं झालं. "मावशी, ते माझे मामू."

तुमच्या दुकानात फोन होता आणि माझ्यात नव्हता, हमीदभाई. ऑटोत बसताना तुम्ही मला पाहिलं असणार. मी बडनेऱ्याला पोचण्याआधी तुमचा शब्द पोचला. संध्याकाळी मी प्रवीणला गाठलं. म्हटलं, तुलाही माहीत होतं? तो म्हणाला, "आई, मले फळा दिसत होता. मी कायले बोलू?" तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतो. आमचे हे तुमच्या दुकानावर रोज संध्याकाळी पेपर वाचायला यायचे. त्यांनाही माहीत होतं का? तेही आता सांगायला नाहीत.

पहिल्या रात्री मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी मला सागर आठवला.

तुम्ही मला फसवलं आणि माझ्या पोराला पूर्ण फळा दिसला. पण मला वाटलं की माझी युक्ती चालली, आणि ती मी बहिणीला दिली. अकोल्याच्या चष्मेवाल्याला तुमच्यासारखी लबाडी येत नव्हती. त्याने सांगितलं तसं केलं, पाऊण कमी. सागरने चार वर्षं शाळा धुक्यात काढली. चेंडू दिसत नाही म्हणून खेळणं सोडलं, फळा दिसत नाही म्हणून हात वर करणं सोडलं. बेबी त्याला ढ म्हणायची. मीही म्हणायची. आज त्याचा नंबर सात आहे आणि डोळ्यामागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करावी लागते. मी नाझियाला विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? ती म्हणाली, तसं कुणालाच सांगता येणार नाही मावशी, कदाचित वाढलाच असता. पण कमी नंबराने डोळा थांबत नाही, हे नक्की. आणि ती चार वर्षं त्याला दिसलं नाही, हेही नक्की.

म्हणून विचारते. मला सांगितलं का नाही? मी भांडले असते, तुमच्या पायरीवर उभी राहून तमाशा केला असता, महिनाभर तोंड पाहिलं नसतं. मग कधीतरी ऐकलंही असतं. तुम्ही मला समजावण्याच्या लायक समजला नाहीत. भोळ्या गिऱ्हाइकाला गप्प करावं तसं "हो ताई" म्हणून गप्प केलंत. की सांगायला म्हणूनच त्या शुक्रवारी आला होता? आणि मी बादल्यांमागे होते? हे आता कोणत्या यंत्रात मोजू?

मी बेबीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, तू मले हे आता सांगून राहिली?" मी म्हटलं, मलाही आताच कळलं. ती म्हणाली, "तुले कोनी फसवलं तं तुह्यं पोरगं वाचलं. मी तुह्यं ऐकलं तं..." आणि तिने पुढचं तोंडातच ठेवलं. फोन सागरने घेतला. मी शिव्या खायच्या तयारीने बसले. तो म्हणाला, "मावशी, माह्या पोरीले चौथं लागलं. तिचे डोळे कवा दाखवू?" मी म्हटलं, "उद्या. तक्रारीची वाट पाहू नको. लहान लेकराले धूसर दिसते हे त्याले माहीतच नसते, त्याले वाटते जगच तसं आहे." हे वाक्य नाझियाचं आहे. मी माझं म्हणून दिलं. सवय जात नाही.

तुमच्या त्या पोरीने मला काचेवर बोटाने काढून दाखवलं. डोळा म्हणजे गोल बोर. वाढत्या वयात ते हळूहळू लांबट व्हायला लागलं की लांबचं चित्र मागच्या पडद्यावर पोचतच नाही, अलीकडेच पडतं. लांबलेला डोळा परत गोल होत नाही. गाजराने नाही, दवाने नाही, थेंबांनीही नाही. थेंबांनी आणि उघड्यावरच्या उजेडाने फक्त लांबण्याची घाई कमी होऊ शकते, तीही प्रत्येकाची सारखी नाही. मी विचारलं, "बस, एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." तेव्हा माझा थोडा विश्वास बसला. नुसतं विकायचं असतं तर तिने याहून मोठं आश्वासन दिलं असतं. तरीही थेंबांची बाटली मी स्वतः डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली, प्रश्न विचारून त्यांचं डोकं उठवलं, पुढची तपासणी कधी ते लिहून घेतलं. संशय सोडला असं समजू नका. तो आता जरा कामाला लावलाय.

थेंब रोज मीच घालते. स्वरा डोळे गच्च मिटते, मी तिला भुताची गोष्ट अर्धी सांगून थांबते. पुढचं ऐकायला डोळे उघडले की थेंब आत. लबाडी मलाही येते. दुकानातला तिचा कोपरा मोडला. तिथे आता झेंडूची पोती. शाळेतून आली की ती बाजारामागच्या मैदानात, ऊन असेल तर टोपी घालून, आणि मोबाईल माझ्या कमरेला. तिला काळी म्हणणाऱ्या एका बाईला मी परवा हार न देताच परत पाठवलं.

काल नवा चष्मा तयार झाला. पूर्ण नंबराचा. नाझियाने मला विचारलं, "मावशी, कागदावरचाच टाकलाय. मोजून दाखवू?" मी म्हटलं, नको. ती एवढी चकित झाली की मीच घाबरले. स्वराला तिच्याकडे सोडून मी दुकानात येऊन बसले. हातात सुई-दोरा होता. समोर तुमची पायरी, तुमची खुर्ची. खुर्चीत कोणी नाही. वीस पावलं लांब असल्यावर माणूस जरा मोकळा होतो. गेले वर्षभर या अंतरावर माझ्या नातीला मी म्हणजे एक हिरवट डाग होते, तसं तिनेच एकदा सांगितलं होतं. मी चेहरा पुसलाही नाही.

स्वरा रस्ता ओलांडून आली. चष्मा तिला मोठा वाटत होता, एका बोटाने वर ढकलत होती. माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, तू रडून राहिली होती."

"कुठं? झेंडूची धूळ गेली डोळ्यात."

"नाही. मला तिथून दिसलं."